आगोटीची कोठी

रोह्याला दादाचं घर बांधून होत आलंय. भिंती उभ्या आहेत, गिलावा झालाय, लाद्या बसायच्या बाकी आहेत. स्वयंपाकघराच्या पश्चिमेला ६ फूट रुंद आणि ८ फूट लांब अशी एक खोली आहे, आणि वादाला सुरुवात झाली ती तिला म्हणायचं काय इथूनच. नकाशावर 'स्टोअर' लिहिलंय. वहिनी पॅन्ट्री म्हणते. आणि दिवा-रोहा गाडीने पेणहून आलेली आत्या, एका हातात पिशवी नि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली चिनी मातीची बरणी, उंबऱ्यातूनच म्हणाली, "कोठी ऐसपैस केलीत हो!"

मी टेप धरायला होतो. मधे मधे बोललोही, पण माझं फारसं कुणी ऐकलं नाही.

वहिनीने जमिनीवर खडूने आखून ठेवलं होतं. दाराची बाजू सोडून तिन्ही भिंतींना फळ्या, सगळ्या १८ इंच खोल, मधे उभं राहायला ३ फूट.

"एका भिंतीला सहा कप्पे," ती म्हणाली. "काचेच्या बरण्या, प्रत्येकीवर नाव. दार उघडलं की सगळं डोळ्यांसमोर. काय आहे, काय संपलं, एका नजरेत कळेल."

आत्याने बरणी खाली ठेवली, थेट पश्चिमेच्या भिंतीपाशी गेली आणि तळवा टेकवला. एप्रिलचे दिवस. भिंत कोरडी खडखडीत आणि दुपारच्या उन्हाने कोमट झालेली.

"ही बाहेरची ना?"

"हो. पलीकडे मोकळं परस."

"मग हिला काही लावू नको."

"अहो आत्या, सहा फुटांची भिंत नुसती सोडून द्यायची?"

"जुलैत हात लावून बघ आणि मग सांग मला."

आत्याचं म्हणणं हवामान खात्यालाही मान्य होईल. रायगड जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि तो सरळ पडत नाही. नैर्ऋत्येचा वारा त्याला आडवा आणून भिंतीवर मारतो. म्हणून तर जुन्या घरांना पावसाच्या बाजूने झावळ्यांचे झाप बांधायचे. आता झाप गेले, बाहेरून रंग आला. पण भिंत ओल पिते ती पितेच, आणि आतल्या बाजूने पाठ टेकून बसलेल्या डब्याला ती सप्टेंबरात गंजाचा शिक्का देऊन जाते.

मी माझं घोडं पुढे दामटलं. म्हटलं, तिसऱ्या भिंतीला फळ्या नसल्या तर दोन्ही कोपरेही सुटतील. दोन फळ्या काटकोनात भेटतात तिथली दीड फूट चौरस जागा कुणाच्याच हाताला लागत नाही. वहिनीने पायाने खडूची रेघ पुसली, पण तोंडाने म्हणाली, "बघू."

मग आत्याने विचारलं, "आगोटीचं कुठे ठेवणार?"

आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड. पेण-रोह्याकडे 'आगोट भरली का?' हा मे महिन्यातला कुशल विचारायचा प्रश्न आहे. मृग लागायच्या आत चार महिन्यांचं घरात घ्यायचं. आत्या बोटांवर मोजायला लागली: तांदूळ, कडवे वाल, तूर, मसाला, हळद, जाडं मीठ, मिठात मळलेल्या चिंचेचे गोळे, आमसुलं, आंबोशी, पोह्याचे पापड, मिरगुंडं, फेण्या, कुरडया, पांढऱ्या कांद्याच्या माळा, लसूण, सुके बोंबील, जवळा, सोडे...

"आत्या," वहिनी मधेच म्हणाली, "हल्ली पावसात दुकानं बंद असतात का? पूर्वी वाटा बंद व्हायच्या, नाल्यांना पूर यायचे, तेव्हा ठीक होतं. आता हे धाटावहून कामावरून येताना किलोभर काय हवं ते घेऊन येतात. चार महिन्यांचं भरायचं म्हणजे पैसे अडकवायचे आणि वर किडे पाळायचे. मला महिन्याभराच्या सामानाची खोली हवी, वर्षाच्या नाही."

"२०२० सालच्या ३ जूनला कुठे होतीस?"

वहिनी गप्प झाली. त्या दिवशी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. टाळेबंदी चालूच होती, त्यात झाडं आडवी झाली, विजेचे खांब पडले, आणि जिल्ह्यात कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. दादा-वहिनी तेव्हा रोह्यातच भाड्याच्या घरात होते. फ्रीजरमध्ये महिन्याभराचे मटार, मासळी, वाटणं असं सगळं हौसेने भरलेलं.

"पाचव्या दिवशी खड्डा खणून पुरलं सगळं," वहिनी म्हणाली. "मान्य आहे."

"आणि मी अंधारात हात घालून पाहिजे तो डबा काढत होते. नावं नव्हती माझ्या डब्यांवर. मेणबत्तीसुद्धा लागली नाही."

"हो, पण तुमची कौलं उडाली, कोठीत पाणी आलं आणि दोन गोण्या तांदूळ भिजला, तेही सांगा ना."

"एक," आत्या म्हणाली. "दुसरी वरून ओली झाली फक्त."

इथे मला दोघी बरोबर वाटल्या आणि दोघी चुकलेल्याही वाटल्या. साठा करायचा की नाही हा वाद 'निसर्ग'ने निकालात काढला. पण साठा कसा ठेवायचा, याचं उत्तर आत्याच्या कोठीतही पूर्ण नव्हतं. गोण्या जमिनीला आणि भिंतीला चिकटून होत्या. गोदामात धान्य ठेवणारी माणसं पोती कधी तशी ठेवत नाहीत. खाली लाकडी फळ्या आणि भिंतीपासून माणूस फिरेल एवढी जागा. घरात तेवढी चैन नाही, पण सहा इंच उंच घडवंची आणि पाठीमागे दोन इंच फट एवढं कुणालाही जमेल.

आत्याला हे पटेना. "माझ्या आजीच्या कोठीत कणगी जमिनीवरच होती. बांबूची, शेणामातीने लिंपलेली. खंडीभर भात राहायचा. काही झालं नाही कधी."

"कोठीच्या पलीकडे काय होतं?" मी विचारलं.

"चूल."

हे मला तोवर सुचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आत्यालाही. जुन्या घरात कोठी आणि चूल पाठीला पाठ लावून असायच्या. चुलीची ऊब भिंतीतून यायची, धूर माळ्यावर चढायचा. शिंक्यातलं बियाणं, माळ्यावरचे नारळ, कणगीतला भात सगळं त्या धुराने शेकलं जायचं. किडा धुराला टिकत नाही आणि ओल उबेला. गॅस आला, धूर गेला, बायकांच्या डोळ्यांचं नि छातीचं भलं झालं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण त्याच वर्षापासून कोठी गार पडली. कडुनिंबाचा पाला, राख, बोरिक पावडर हे सगळे उपाय चुलीच्या जोडीला होते. आता त्यांनी एकट्याने काम करावं अशी आपली अपेक्षा आहे.

"म्हणजे आत्यांची कोठी आता आत्यांच्या घरातसुद्धा नाही," वहिनी म्हणाली. हे जरा लागेल असं होतं. आत्या काही बोलली नाही. तिने बरणीवरचं फडकं उगाच सोडून परत बांधलं.

मग थोडा वेळ आम्ही फक्त मोजमाप केलं. त्यातून एक मजा निघाली. पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा आमच्या घराण्याचं खरं माप आहे. तेल संपलं की त्यात तांदूळ, रवा, पापड काहीही राहतं. मी तो मोजला: सव्वानऊ इंच चौरस, उंचीला १४ इंच. वहिनीच्या १८ इंची फळीवर एक डबा बसतो आणि मागे पावणेनऊ इंच उरतात. दुसरा डबा बसायला अर्धा इंच कमी!

"मागे लहान बरण्या बसतील की," वहिनी म्हणाली.

"बसतील, आणि तिथेच राहतील," मी म्हटलं. "खोल फळी म्हणजे विसरायची जागा. आत्याच्या फडताळात मागच्या खेपेला २०१४ सालचं लिंबाचं लोणचं निघालं होतं."

"मग?" आत्या एकदम सावरून बसली. "ते विसरलेलं नव्हतं. मुरत होतं. तापातून उठलास तेव्हा पेज कशाशी खाल्लीस?"

माझा उत्तम मुद्दा असा लोणच्याने घालवला. तरी आकडे राहिलेच. ठरलं ते असं: उत्तरेच्या भिंतीला सगळ्या फळ्या १२ इंच, म्हणजे डब्यांची एकच रांग. दक्षिणेला खाली तांदळाच्या पिंपांसाठी २० इंच, आणि वर बरण्यांसाठी फक्त १०. मधे ४० इंच उरतात. त्यात पाट टाकून बसता येतं, आणि आत्याच्या मते बसता येत नाही ती कोठीच नव्हे. वाल निवडायचे कुठे?

तांदळाचा हिशेब वहिनीने केला. चौघांना महिन्याला १२ किलो, वर्षाला १४४. तीस किलोच्या पाच गोण्या. "म्हणजे दोन मोठी पिंपं आणि काम झालं. पण वर्षाचा हवाच कशाला?"

"कारण नवा तांदूळ चिकट होतो," आत्या म्हणाली. "दिवाळीत आलेला भात भरडून, मुरवून, पुढच्या वर्षी खायचा. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, शीत मोकळं होतं. तू दुकानात जुना म्हणून जास्त पैसे मोजतेस ना? तेच मी माझ्या कोठीत फुकट करते."

यावर वहिनीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. साठवण म्हणजे नुसती पावसाची भीती नसते. काही पदार्थ ठेवल्यानेच पदार्थ होतात. तांदूळ, चिंच, लोणचं. ही मंडळी मागे, खाली, अंधारात असली तरी चालतात. ज्यांचा दिवसागणिक वास उडतो ती पुढे, डोळ्यांसमोर.

वालाच्या बाबतीत मात्र वहिनी वरचढ ठरली. भातानंतरच्या ओलीवर शेतात होणारे कडवे वाल शिमग्याच्या आसपास घरात येतात. आत्या त्यांना कडक उन्हं दाखवते, एरंडेल चोळते आणि डब्यात भरते. वहिनी पिशवीत बांधून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवते, बाहेर काढून पिशवी गार असेतो उघडत नाही, आणि मग बरणीत भरते. कारण भुंगा डब्यात बाहेरून शिरत नाही. त्याची मादी शेतातच शेंगेवर अंडी घालते आणि आपण भुंगा आपल्या हाताने आत कोंडतो. थंडीने अंडं मरतं. एरंडेलाने दाण्याला तेलाचा थर चढून तेही जवळजवळ तेच साधतं.

"म्हणजे माझंही बरोबर," आत्या म्हणाली.

"तुमचंही. पण माझे हात चिकट होत नाहीत."

आता फळ्या कशाच्या? वहिनीकडे चकचकीत चित्रांचं पुस्तक होतं. भाड्याच्या घरात तिने असलंच एक कपाट करून घेतलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याची फळी भिजलेल्या टोस्टासारखी फुगली आणि दार लागेना. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला आपल्याकडची हवा सोसत नाही, एवढं ती त्यातून शिकली होती. आत्याचं एकच पालुपद: कडप्पा. भिंतीत बसवला की नातवंडांपर्यंत बघायला नको.

कडप्प्याला वाळवी लागत नाही, तो फुगत नाही, पुसला की स्वच्छ. पण एक इंची कडप्पा चौरस फुटाला सहा-साडेसहा किलो भरतो. आठ फुटांची फूटभर रुंद फळी रिकामीच ५० किलोंची. शिवाय तो चुनखडीचा दगड आहे, आंबटाचं आणि त्याचं वैर. लोणच्याचा एक ओघळ आला की पांढरा डाग कायमचा. आणि मुख्य म्हणजे, एकदा बसला की हलत नाही.

"हलवायचाय कशाला?" आत्याने विचारलं.

याचं उत्तर तिच्याच पेणमध्ये आहे. तिच्या आळीत दर दोन घरांआड गणपतीचा कारखाना. वर्षभर मूर्ती घडत असतात आणि भाद्रपदापर्यंत त्या ठेवायच्या कुठे हा तिथल्या प्रत्येक घराचा प्रश्न. त्यांनी तो केव्हाच सोडवलाय. उभे खांब, त्यांवर सुट्या फळ्या, आणि फळ्यांमधलं अंतर मूर्तीच्या उंचीप्रमाणे. वीतभराच्या मूर्ती आल्या की फळ्या जवळ, हातभराच्या आल्या की एक फळी काढून बाजूला. एक इंच हवा फुकट जात नाही. घरातली मांडणी मात्र आपण एकदाच ठोकतो आणि मग बरणीच्या डोक्यावर नऊ इंच पोकळी बाळगत वीस वर्षं काढतो.

कोठीचंही गणपतीसारखंच आहे. मेअखेर ती गच्च असते, उंच डबे, पापडांची पिंपं, काही विचारू नका. दिवाळीपर्यंत निम्मी रिकामी. आकार एकच, पण महिन्यामहिन्याला पोट वेगळं. म्हणून मी म्हटलं, भोकांच्या लोखंडी पट्ट्या भिंतीपासून दोन इंच पुढे उभ्या करा, गंजरोधक रंग द्या, वर पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या सुट्या फळ्या. कडप्पा फक्त खाली, पिंपांच्या वर एक पट्टा. तिथे बरण्या, आणि बरण्यांखाली ताटली.

आत्या मला म्हणाली, "हे तू कारखान्यात बघितलंस? मी तिथून रोज जाते."

कांद्याला फळी नकोच होती. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वडखळच्या नाक्यावर त्याच्या वेण्या लटकताना बघून कुणालाही त्याचं शास्त्र कळतं: त्याला चारी बाजूंनी वारा हवा, कुणाचा स्पर्श नको. पॅन्ट्रीच्या पुस्तकात त्याच्यासाठी टोपली होती. आत्या टोपलीवर जे बोलली ते छापण्यासारखं नाही. छताखाली आडवी दांडी ठरली.

खिडकीवरून परत जुंपली. वहिनी म्हणाली, हवा खेळती पाहिजे, सगळेच सांगतात. "पावसात हवा खेळली म्हणजे पाणीच खेळलं," आत्या म्हणाली. जुलैत बाहेरची हवाच ओली असते. तिला आत बोलावून काही वाळत नाही, उलट पापड मऊ पडतो आणि मिठाला पाणी सुटतं. नोव्हेंबर ते मे मात्र उघडी हवीच. म्हणून वर जाळी आणि तिला आतून घट्ट बसणारी लाकडी झडप. शिवाय आत्याला एक चाळीस वॉटचा जुना दिवा हवा होता, पावसाळ्यात रोज दोन-तीन तास लावून ठेवायला. वहिनी एलईडी म्हणाली. त्याने उजेड पडेल, ऊब मिळणार नाही. चुलीच्या जागी आता तो दिवा आहे. कडू घोट आहे, पण तो वहिनीने घेतला.

सुकी मासळी मागच्या पडवीत, झाकणाच्या पिंपात. सोडे फ्रीजरमध्ये, यावर दोघींचं दोन मिनिटांत एकमत झालं. मीठ सगळ्यात दूर, चिनी मातीच्या बरणीत. पत्र्याच्या शेजारी ठेवलं तर वर्षाच्या आत पत्रा खातं.

निघायच्या आधी वहिनीने उंचीची यादी वाचली. जड ते खाली, रोजचं कमरेपासून डोळ्यांपर्यंत, सहा फुटांवर फक्त हलकं, कुरडया-फेण्या. कुठल्याही पुस्तकात हेच लिहिलेलं असतं.

"खालचं काढायला वाकणार कोण?" आत्याने विचारलं.

"म्हणजे?"

"गेल्या सालचा तांदूळ माझ्याकडे तसाच आहे. गोणीच्या तळाशी हात पोचत नाही. गुडघे वाकत नाहीत. दोन-दोन किलो विकत आणते वाण्याकडून."

वर्षाची कोठी भरणारी, जुन्या तांदळाचं माहात्म्य सांगणारी आत्या वाण्याकडून दोन-दोन किलो आणते! वहिनीच्या हातात हे ऐतं कोलीत आलं होतं. तिने यादी मिटली आणि मला विचारलं, "भावोजी, पिंप केवढं उंच आहे?"

"२४ इंच."

"घडवंची सहाची नको, दहाची करा. आणि कडप्पा त्या हिशेबाने वर सरकवा, झाकण काढून हात घालता आला पाहिजे."

मी तसं लिहून घेतलं. पिंपाचं तोंड ३४ इंचांवर आलं, ओट्याच्या जरा वर. कडप्पा गेला ५० वर. पुस्तकातला नियम मोडला, पण आत्या उभ्याउभ्या पायली बुडवू शकेल.

"मी काय इथे राहायला येणारे?" आत्या म्हणाली. वहिनीने उत्तर दिलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पट्ट्या उभ्या राहिल्या, फळ्या आल्या. पापडाचे तीन डबे, वाल, चिंच, कांद्याच्या दोन माळा आत गेल्या आहेत. आत्याच्या बरणीला १० इंची फळी पुरली. डब्यांवर नावं आहेत. आत्याने मागणी करून ती मोठ्या अक्षरांत लिहून घेतली. पश्चिमेची भिंत मोकळीच आहे. फक्त तिच्यावर वहिनीने आत्याच्या तळव्याभोवती पेन्सिल फिरवून पंजा काढून ठेवलाय आणि खाली एप्रिलची तारीख घातलीय. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आत्या परत येणार आहे, गाड्या चालू असल्या तर.